नऊ अंशांची सकाळ आणि साडेतीन सी.सी.चं इंजिन: एका बिघाडाचा पूर्ण तपास

डिसेंबरातला रविवार होता. भाचा जालन्याहून मोटरसायकलवर आला आणि जुन्या टॉवेलात गुंडाळलेली त्याची रेडिओ कंट्रोल बग्गी माझ्या लेथच्या बाकावर ठेवली. तोंड उतरलेलं. चहासुद्धा नको म्हणाला.

"मामा, गार असलं की एका झटक्यात चालू व्हायलंय. गरम झालं की मरतंय, अन् मग अर्धा तास काही केल्या चालू होईना."

एवढ्यावरून निम्मं निदान होतं. नायट्रो इंजिन म्हणजे मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनच्या मिश्रणावर चालणारं. ते गार असताना चालत असेल आणि तापल्यावर बंद पडत असेल, तर बहुतेक वेळा त्याचा दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, गेलेला असतो. तो का गेला, हा खरा प्रश्न. बदनापूरजवळ सोयाबीन निघाल्यावर मोकळ्या पडलेल्या रानात या पोरांनी मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून छोटा ट्रॅक केला आहे. तिथल्या सगळ्यांनी एकच उत्तर दिलं होतं: धूळ. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक, तेव्हा ते उत्तर चटकन पटतं. मलाही पटलं असतं, पण इंजिन खोलल्याशिवाय मी काही बोलत नाही. वाळूजच्या कारखान्यांची कामं करताना लागलेली ही सवय आहे.

आधी यंत्राबद्दल थोडं. हे १:८ मापाच्या ऑफरोड बग्गीचं ३.५ सी.सी. इंजिन, म्हणजे शौकिनांच्या भाषेत 'पॉइंट ट्वेंटी वन', ०.२१ घनइंच. दोन स्ट्रोकचं. ठिणगी नाही, वेळ ठरवणारं काही नाही. ग्लो प्लगमधली प्लॅटिनमची बारीक तार सुरुवातीला दीड व्होल्टवर लाल करायची, मग मिथेनॉलची वाफ त्या तारेला लागून ती स्वतःच तापलेली राहते. अशी इंजिनं मिनिटाला ३५ ते ४० हजार फेऱ्यांपर्यंत जातात. पिस्टन ॲल्युमिनियमचा, तो ज्या नळीत वर-खाली होतो ती स्लीव्ह पितळेची आणि तिला आतून क्रोमचा मुलामा. याला ए.बी.सी. म्हणतात. पिस्टनला रिंग नसते. दाब धरतो तो स्लीव्हच्या निमुळतेपणामुळे: स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित अरुंद असते, म्हणून गार इंजिनात पिस्टन वर आला की कचकन अडतो. याला पिंच म्हणतात. तापल्यावर पितळ पिस्टनपेक्षा जास्त प्रसरण पावतं आणि तो अडथळा नेमका हवा तेवढा उरतो. पिंच झिजली असेल तर गार असताना काम भागतं, तापल्यावर फट उघडते आणि दाब निसटतो. भाच्याने सांगितलेलं लक्षण हेच.

प्लग काढून फ्लायव्हील बोटाने फिरवलं. वरच्या टोकाला कुठेच अडलं नाही. चार लिटर इंधन चाललेलं इंजिन. या वयात ते गार असताना बोटाने फिरता कामा नये.

मग खोललं. प्रत्येक भाग काय बोलला ते सांगतो, कारण सगळ्या तपासाचा पाया तोच आहे.

आधी कार्बोरेटरचं तोंड. धूळ आत गेली असेल तर फिल्टरच्या पलीकडे, कार्बोरेटरच्या गळ्यात, बोट फिरवलं की तपकिरी साय लागते. पांढरा कपडा काडीला गुंडाळून फिरवला, तो पांढराच बाहेर आला. फोमचा दुहेरी फिल्टर तेलाने ओला, पट्टी घट्ट. पोराने फिल्टर मनापासून सांभाळला होता. मग स्लीव्ह काढून खिडकीच्या उजेडात धरली. धुळीने झिजलेल्या स्लीव्हवर उभ्या रेघा दिसतात, पिस्टनची बाजू करडी होते. इथे एकही उभी रेघ नव्हती. वरच्या पट्ट्यात मात्र क्रोम ठिकठिकाणी घासून चकचकीत झालेलं. म्हणजे धूळ निर्दोष. हे मी भाच्याला त्याच वेळी सांगितलं, कारण तो स्वतःला बोल लावत बसला होता.

मग पिस्टनचा माथा. मिश्रण बरोबर असलेल्या इंजिनात माथ्याच्या मधोमध गुळाच्या रंगाचा डाग असतो आणि कडा स्वच्छ. इथे माथा काळपट, आणि कडेने सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे. हेडच्या आतल्या बटनावरही, म्हणजे पिस्टनच्या समोर येणाऱ्या भागावर, तसेच खड्डे, वाळू फेकून मारल्यासारखे. प्लगची तार वाकलेली, चमक गेलेली, राखेच्या रंगाची. क्रँकपिनवर निळसर छटा. कनेक्टिंग रॉडचं खालचं बुश ओव्हल झालेलं. दोन बोटांत धरून हलवलं तर टिकटिक जाणवत होती.

तापून निळा पडलेला क्रँकपिन पाहिला आणि मी हातातला पाना खाली ठेवला. हे इंजिन लीन, म्हणजे हवेच्या मानाने कमी इंधनावर, चाललं होतं, आणि थोडंथोडकं नव्हे. (इंधन जास्त झालं तर त्याला रिच म्हणतात.)

चारचाकी-दुचाकी दुरुस्त करणाऱ्या चांगल्या मिस्त्रीचीही इथे फसगत होते. मोटरसायकलला मिश्रण लीन झालं तर ती तापते, पण तिचं ऑइल खाली वेगळं भरलेलं असतं. नायट्रो इंजिनाचं ऑइल इंधनातच मिसळलेलं असतं. कार्बोरेटरची सुई, म्हणजे इंधनाचा पेच, आत फिरवून इंधन कमी केलं की त्याच मापात तेलही कमी होतं. आग वाढते आणि तेल आटतं, दोन्ही एकाच पेचाने. त्यातही सगळ्यात आधी भोगतं ते रॉडचं खालचं टोक, कारण सगळ्यात जास्त भार तिथेच येतो.

खड्ड्यांचं कारण वेगळं. वेळ ठरवणारी ठिणगी नसल्यामुळे मिश्रण कधी पेटायचं हे प्लगची तार किती तापली आहे त्यावर ठरतं. लीन मिश्रण तारेला जास्त तापवतं. तार जास्त तापली की पेट लवकर घेतला जातो, पिस्टन अजून वर येत असताना. मग कडेला उरलेलं मिश्रण एकदम फुटतं. ते फुटणं बाहेर ऐकू येत नाही, पण माथ्यावर आणि बटनावर आपली खूण ठेवून जातं.

आता प्रश्न उरला की हे घडलं कधी. भाच्याकडे वही होती, आणि तिच्यामुळेच हे प्रकरण मी आज एवढ्या खात्रीने मांडू शकतो. शाळेतल्यासारखी रेघांची वही, प्रत्येक टाकीची नोंद: वेळ, हवेचं तापमान, सुई किती फेरे उघडी, हेडचं तापमान. टाकी १२५ सी.सी.ची असते, या वर्गात तेवढीच चालते, आणि ती आठ-दहा मिनिटांत संपते. त्याच्या वहीत शेवटची चांगली नोंद शनिवारी दुपारी तीनची होती: हवा ३१ अंश, हेड ११४ अंश, गाडी मस्त. पुढची नोंद रविवारी सकाळी सातची: हवा ९ अंश, हेड ९२ अंश. त्याच्यापुढे लिहिलं होतं, "हेड गार आहे, म्हणजे रिच. सुई थोडी आत." पुढे ९६ अंश. पुन्हा "थोडी आत". चौथ्या नोंदीत "सरळ रेषेत जबरदस्त पळतेय". पाचवी नोंद नाही.

आपल्याकडच्या डिसेंबराची तऱ्हा मराठवाड्याबाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. दुपारी शर्टात घाम, पहाटे शेकोटी. परभणीकडे तर पारा एक आकडी होतो. ३१ अंशांवरून ९ अंशांवर आलं की तेवढ्याच जागेतली हवा जवळपास ८ टक्क्यांनी दाट होते. हा साधा हिशोब आहे: २७३ अधिक ३१ म्हणजे ३०४, भागिले २७३ अधिक ९ म्हणजे २८२. इंजिन दर फेऱ्याला ८ टक्के जास्त प्राणवायू ओढतं, आणि सुई कालच्याच जागी. म्हणजे पेचाला हातही न लावता मिश्रण लीन झालेलं. त्यावर भाच्याने ती आणखी आत फिरवली.

का फिरवली, तर टेंपरेचर गनने ९२ सांगितलं म्हणून. गन बाहेरचं हेड मोजते, आतली आग नाही. नऊ अंशांच्या वाऱ्यात हेडच्या पंखांतून उष्णता भराभर निघून जाते, आणि आत तार वाकेपर्यंत तापलेली असली तरी बाहेर आकडा साधाच दिसतो. पुस्तकांत आणि व्हिडिओंत १०० ते ११५ अंश 'बरोबर' म्हणून सांगतात, ते चूक नाही. पण तो आकडा एका हवेपुरता असतो. थंडीत तो गाठायचा म्हणून सुई आत फिरवणं म्हणजे ताप नाही म्हणून आजारी माणसाला उन्हात बसवणं.

तिसरी गोष्ट मला वहीच्या पहिल्या पानावर सापडली. सुरुवातीची सुई त्याने कुठल्याशा युरोपियन रेसरच्या व्हिडिओवरून लावली होती. इंजिनासोबतच्या कागदावर साडेतीन फेरे होते, व्हिडिओत पावणेतीन. युरोपात २०२१ पासून १६ टक्क्यांहून जास्त नायट्रोमिथेन असलेलं इंधन सामान्य ग्राहकाला परवान्याशिवाय मिळत नाही, स्फोटकांसंबंधीच्या नियमामुळे. तिथले रेसर त्या १६ टक्क्यांवर ट्यून करतात. भाच्याच्या डब्यावर २५ टक्के होतं. पेट्रोलला जाळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, मिथेनॉलला साधारण ६.५ पट, नायट्रोमिथेनला फक्त १.७ पट, कारण ते आपला प्राणवायू स्वतःसोबत आणतं. नायट्रो वाढलं की तेवढ्याच हवेत जास्त इंधन जाळता येतं, किंबहुना जाळावंच लागतं, म्हणून सुई जास्त उघडी लागते. सोळाची सुई पंचवीसला लावली की सुरुवातच लीन बाजूने.

म्हणजे एकाच दिशेला तीन धक्के: दुसऱ्याच्या इंधनाची सुई, थंड सकाळ, आणि गनचा आकडा. यातला एकटा कुठलाही इंजिनाने सोसला असता.

भाचा म्हणाला, "मामा, लायनर, म्हणजे ही स्लीव्ह, दाबून देता येईल का? तुमच्याकडं लेथ आहे की."

प्रश्न रास्त होता. स्लीव्हचा वरचा भाग निमुळत्या कॉलेटमध्ये बसवून काही शतांश मिलिमीटर दाबतात, पिंच परत येते आणि इंजिन आणखी काही लिटर चालतं. काम करायला माझे हात शिवशिवत होते, हे कबूल करतो. पण क्रोम आधीच घासलेलं, दाबताना ते तडकण्याची भीती. आणि निळा क्रँकपिन तसाच ठेवून वर नवा रॉड घालणं म्हणजे नव्या रॉडचाही जीव घेणं. पिस्टन, स्लीव्ह, रॉड आणि क्रँक सगळंच बदलायचं तर खर्च जवळजवळ नव्या इंजिनाचा. मी नाही म्हटलं. कार्बोरेटर, हेड आणि मागची प्लेट तेवढी सुट्या भागांत ठेवली.

मग नवं इंजिन कोणतं, यावर आम्ही दोन रविवार बसलो. पहिलं इंजिन त्याने ताकद पाहून घेतलं होतं: सात पोर्टांचं (पोर्ट म्हणजे स्लीव्हमधली भोकं), वरच्या फेऱ्यांत भडकणारं, कार्बोरेटरच्या गळ्यात सगळ्यात मोठ्या भोकाची रिंग, आखूड मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतची नळी. अशी इंजिनं गुळगुळीत, मोठ्या, लांब सरळ रेषांच्या ट्रॅकवर शोभतात. आमचं रान एकराचं. वळणं आवळ, वरची माती सुटी. इथे गाडी जिंकते ती वळणातून बाहेर पडताना, तळाच्या पिकअपवर, आणि कमी वेळा इंधन भरायला थांबून. म्हणून पाच पोर्टांचं, ३.५ सी.सी.चंच, मध्यम स्वभावाचं घेतलं. कार्बोरेटरमध्ये ६.५ मिलिमीटरची रिंग: गळा अरुंद झाला की थोड्या थ्रॉटलला इंजिन सरळ उत्तर देतं आणि टाकी जास्त पुरते. मॅनिफोल्ड लांब, कारण लांब नळीचा जोर खालच्या फेऱ्यांत मिळतो. प्लग मध्यम तापाचा. २५ टक्के नायट्रोसाठी हेडखाली कंपनीने सांगितलेला शिम, म्हणजे पातळ चकती, कायम ठेवला. तो काढून ताकद वाढवायचा मोह बऱ्याच जणांना होतो, पण दाब वाढला की तो कडेला फुटण्याचा धोकाही वाढतो. आणखी एक गोष्ट मी आग्रहाने पाहिली: मागचं मोठं बेअरिंग, १४ × २५.४ × ६ मिलिमीटरचं, सहज मिळतं की नाही. भाग मिळेना म्हणून उत्तम इंजिन वर्षभर डब्यात पडून राहिलेलं मी पाहिलं आहे.

नवं इंजिन बसवायला इथे जुनी पद्धत चालते: चार टाक्या आयडलवर, भरपूर रिच, बर्फासारखं गार ठेवून. ही पद्धत जुन्या लोखंडी पिस्टनच्या इंजिनांची. ए.बी.सी.ला ती मारक आहे. गार स्लीव्ह वर अरुंद असते, दर फेऱ्याला पिस्टन तिथे कोंबला जातो आणि तो ताण रॉडवर येतो. आम्ही हेअर ड्रायरने हेड आधी तापवलं, हात लागणार नाही एवढं. चालू केल्यावर हेडभोवती ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळून तापमान ९० अंशांच्या वर राखलं, मिश्रण रिचच. दोन-दोन मिनिटं चालवायचं, बंद करायचं, पूर्ण गार होऊ द्यायचं. बंद केल्यावर दर वेळी पिस्टन खालच्या टोकाला आणायचा, म्हणजे आकुंचन पावणारी स्लीव्ह त्याला चिमटत नाही. त्यासाठी फ्लायव्हीलवर मार्करने खूण केली. मग हळूहळू ट्रॅकवर, दर टाकीला सुई थोडी आत.

सुईची पद्धतही बदलली. आता तो आधी कान आणि डोळा वापरतो, गन शेवटी. सरळ रेषेत पूर्ण थ्रॉटलला मागे पातळ निळसर धुराची रेघ दिसलीच पाहिजे. धूर नाहीसा झाला की गाडी लगेच ट्रॅकवरून बाहेर घ्यायची. आयडलवर इंधनाची नळी चिमटून पाहतो: दोन-तीन सेकंदांनी फेरे किंचित वाढून इंजिन मेलं तर लो स्पीडची सुई, म्हणजे आयडलच्या मिश्रणाची, बरोबर. फेरे खूप वाढत राहिले तर रिच, न वाढता झटकन मेलं तर लीन. आणि सकाळची सुई कालच्या दुपारपेक्षा घड्याळातल्या दोन तासांइतकी बाहेर फिरवूनच इंजिनाला स्टार्टर लावायचा. ऊन चढेल तशी एकेक तास आत. थंडीत हेडच्या पंखांवर फॉइलची पट्टी असतेच.

उन्हाळ्यात हेच उलटं होतं, आणि तिथे लोक दुसऱ्या टोकाला चुकतात. एप्रिलात ४२ अंशांना हेड १२० दाखवतं, माणूस घाबरून सुई बाहेर काढतो. पण गरम हवा विरळ असते. शिवाय आपला भाग समुद्रसपाटीपासून साधारण ५०० मीटरवर आहे, त्यामुळे हवेचा दाब आधीच ५-६ टक्के कमी. इंजिनाला खरं तर सुई आत हवी असते. रिच झालेलं इंजिन कोपऱ्यात अडखळतं, प्लग भिजतो, आणि सगळे म्हणतात तापलं म्हणून बंद पडलं. उन्हाळ्यात काळजी घ्यायची ती बॉडीच्या काचेत वारा बाहेर पडायला भोक पाडण्याची आणि इंधनाचा डबा सावलीत ठेवण्याची. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं. थांबलेल्या गरम गाडीच्या नळीत त्याची वाफ होते आणि गाडी परत चालू होत नाही.

मिथेनॉलबद्दल मी पोरांना कडक बोलतो. ते विष आहे, पोटात गेलं तर नजर जाते, म्हणून पाण्याच्या बाटलीत कधी ओतायचं नाही. त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. आग दिसली नाही तरी आच जाणवली की पाणी ओतायचं, मिथेनॉल पाण्यात मिसळतं. ट्रॅकवर पाण्याची बादली भरलेली असल्याशिवाय इंधन भरायचं नाही, हा नियम मी घातला आहे आणि तो पाळला जातो.

धूळ या प्रकरणात निर्दोष सुटली, पण एरवी तिला मोकळी सोडलेली नाही. फिल्टरचे तीन संच आहेत. एक गाडीवर, एक तेलात मळून पिशवीत, एक धुऊन वाळत. फिल्टर आणि कार्बोरेटरच्या जोडाला ग्रीसचं बोट फिरवायचं, पट्टी आवळायची. दिवस संपला की टाकी रिकामी करायची, उरलेलं इंधन जाळून इंजिन स्वतःहून बंद पडू द्यायचं, मग प्लगच्या भोकातून आणि कार्बोरेटरमधून आफ्टर-रन ऑइल घालून फ्लायव्हील फिरवायचं. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि नायट्रो जळून ॲसिडचे अंश उरतात. मागचं बेअरिंग गंजतं ते गाडी पळताना नव्हे, आठवडाभर कपाटात पडून असताना.

नव्या इंजिनाचे नऊ लिटर झाले. मागच्या शनिवारी आम्ही ते दोघांनी मिळून खोललं. माथ्यावर गुळाचा डाग, कडा स्वच्छ, क्रँकपिन पांढरा. पिंच गार असताना अजून बोटाला अडवते. रॉडच्या खालच्या बुशला मात्र प्ले सुरू झाला आहे, केसाएवढा. या लिटरांना तो यायचाच. भाच्याने वहीत तारीख घातली, "रॉड बदलायचा" लिहिलं आणि त्याखाली दोनदा रेघ ओढली. रॉड मागवला आहे. तो येईपर्यंत गाडी माझ्या बाकावर आहे, पिस्टन खालच्या टोकाला, कार्बोरेटरच्या तोंडात कपड्याची गुंडाळी.